माशाच्या बाटलीबद्दल

चि. सुमी,
अनेक आशीर्वाद.

पोचलो. गाडीत बसायला जागा मिळाली, गुडघ्यानेही फार त्रास दिला नाही. आई म्हणत होती, फोन करा आणि मोकळे व्हा. पण फोनवर आपलं काय होतं ते तुला माहीत आहे. तू दुसऱ्या वाक्याला "ठीक आहे बाबा" म्हणतेस आणि तिसऱ्याला माझा आवाज चढतो. म्हणून लिहितोय.

आधी माशाचं. चूक माझी. ओवीने दोन दिवस खपून बाटलीचा केलेला मासा मी कुणाला न विचारता बेसिनमध्ये रिकामा केला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. पोर हमसून हमसून रडली. तू बोललीस ते बरोबरच होतं, आणि त्यावर मी बॅग भरली ते त्याहून वाईट. या वयात रुसून निघालेला माणूस शोभत नाही. जावईबापूंना सांग, मनात ठेवू नका.

पण सुमी, त्या माशात तू फरशी पुसायचं पाणी भरलं होतंस.

एवढंच म्हणायचं होतं. पुढचं सगळं तुझं कौतुकच लिहायचं असं ठरवून बसलोय.

कौतुकाचं खूप आहे. खोक्याचं घर, पुठ्ठ्याच्या नळ्यांची दुर्बीण, जुन्या मोज्याची ती बाहुली. तुझ्या घरात टाकण्याआधी प्रत्येक वस्तूला एकदा विचारलं जातं, तुझं अजून काय होईल. हे तुला कुणी शिकवलं म्हणतेस? तू सहा वर्षांची असताना मी प्रयोगशाळेतून रिकामी खोकी आणायचो, त्यांची तू आगगाडी करायचीस आणि नंदूला शेवटच्या डब्यात कोंबायचीस. तो तिथेच झोपायचा. गार्डाचा डबा म्हणायचीस त्याला. ती गाडी मोडायला तू देत नव्हतीस म्हणून आम्ही महिनाभर भिंतीला घासून चालत होतो.

बिलांच्या कागदाबद्दल तुझंच खरं. मी ओवीला चित्रं काढायला खिशातली जुनी बिलं दिली आणि तू ती काढून घेतलीस, तेव्हा मला लागलं होतं. इथे येऊन वाचलं. तो कागद शाईने छापत नाहीत, उष्णतेने काळा होतो, आणि त्यावरच्या थरात बिस्फेनॉल नावाचं रसायन असतं ते बोटांना लागून कातडीतून आत जातं. युरोपात २०२० पासून त्यातल्या बिस्फेनॉल-ए वर कडक मर्यादा आहे. एकतीस वर्षं प्रयोगशाळेत काढली आणि नातीच्या हातात काय देतोय हे कळलं नाही. टाल्कचंही तसंच. तुम्हा दोघांना मी पावडरीने पांढरं करून ठेवायचो, खोलीत ढग उठायचा आणि तुम्ही शिंकायचात, त्याचं मला हसू यायचं. बाळांच्या फुप्फुसात ती भुकटी जाणं वाईट, हे डॉक्टर तेव्हाही सांगत असणार, आमच्यापर्यंत पोचलं नाही. आणि २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने टाल्कला 'बहुधा कर्ककारक' या गटात टाकलं. तू ओवीला कधीच लावली नाहीस. मी तुला तेव्हा 'अति करतेस' म्हटलं होतं. मागे घेतो.

लंगोटांचंही. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने २००८ साली हिशेब मांडला होता. कापडी लंगोट मशीन पूर्ण भरून धुतले, दोरीवर वाळवले आणि पुढच्या बाळालाही वापरले तर फायदा. गरम पाण्यात थोडे थोडे धुऊन यंत्रात वाळवले तर डिस्पोजेबलपेक्षा फारसे बरे नाहीत, उलट वाईटही ठरतात. तू पहिल्यासारखं करतेस. नुसतं कापड आहे म्हणून खूश होऊन बसणाऱ्यांतली तू नाहीस, याचा मला अभिमान वाटतो. समोर कधी म्हणालो नसेन.

म्हणूनच ती बाटली मला समजत नाही. सगळ्या गोष्टींची मागची बाजू वाचणारी तू, आणि स्वतः केलेल्या पाण्याच्या बाटलीला मागची बाजूच नाही.

तू म्हणालीस, "त्यात काय आहे बाबा, सोडा आणि व्हिनेगर. तुम्हाला सगळीकडे विषच दिसतं." मग ऐकच. धुण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र केलं की फसफसतं आणि काम होतंय असं वाटतं. प्रत्यक्षात ते दोघं एकमेकांना मारत असतात. फसफस संपली की उरतं ते सोडियम ॲसिटेटचं पाणी, आणि जे जास्त पडलं असेल ते. सोडा जास्त पडला असेल तर ते पाणी जळजळीत असतं, घशाला, डोळ्यांना. वेगवेगळे वापर, दोन्ही कामाचे आहेत. आणि तेच व्हिनेगर संडासात ब्लीच टाकलेलं असताना ओतलंस तर क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो गंमत नाही. तुझ्या बाईला हे माहीत आहे का? तिला कसं कळणार कशात काय आहे, नाव नाही तर?

लेक्चर झालं. माफ कर. सवय आहे.

क्रीमबद्दल एकच, मग थांबतो. विकतच्यात पॅराबेन, म्हणजे क्रीम टिकावं म्हणून घालतात ती रसायनं, असतात म्हणून तू घरी करतेस. सगळे पॅराबेन सारखे नसतात. युरोपने २०१४ मध्ये त्यांतले पाच बंद केले, मिथिल आणि इथिल ठरावीक प्रमाणात ठेवले. पॅराबेनचं नाव बदनाम झाल्यावर उत्पादकांनी मिथिलआयसोथायाझोलिनोन हे दुसरं टिकवणारं रसायन घालायला सुरुवात केली आणि लोकांच्या अंगावर पुरळ उठायला लागलं, इतकं की २०१३ साली अमेरिकेतल्या त्वचातज्ज्ञांच्या संघटनेने त्याला 'वर्षाचा ॲलर्जेन', म्हणजे ॲलर्जी आणणारा पदार्थ, ठरवलं. घरच्या क्रीममध्ये यातलं काहीच नाही, मान्य. पण पाणी आहे. पाणी आहे तिथे जंतू वाढतात, आणि ते दिसत नाहीत, वासही लगेच येत नाही. नुसतं तेल आणि मेण असलेलं मलम टिकतं. पाणी घातलंस तर थोडंच कर, फ्रिजमध्ये ठेव, आठवड्याच्या आत संपव. आणि डबीवर तारीख लिही.

तारीख लिही, नाव लिही. बघ, परत तिथेच आलो.

त्या ड्रॉपरच्या बाटलीतही नीलगिरीचं तेल होतं ना? मी वास घेऊन ओळखलं. ओवी वासाने ओळखणार नाही. त्यातलं थोडं जरी पोटात गेलं तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात, शुद्ध जाऊ शकते. झाडाचं आहे म्हणून झाकण घट्ट लावू नये असं नाही. आणि ते गाणारं भेटकार्ड तुम्ही उघडून ठेवलं होतंत, ओवीला आतली 'टिकली' हवी म्हणून. ती टिकली मी परत निघताना खिशात टाकून आणली. तुला सांगितलं नाही. बटणासारखी ती बॅटरी घशात अडकली तर ओलाव्यातून वीज वाहते आणि तिथल्या तिथे कॉस्टिक, म्हणजे भाजून काढणारा जहाल क्षार, तयार होतं. दोन तासांत अन्ननलिका भाजते.

कॉस्टिकचं मला माहीत आहे.

नंदू घास किती वेळ चावतो ते तू बघत आलीस. प्रत्येक घासाला पाणी. त्याला सुस्त म्हणायचीस, गोगलगाय म्हणायचीस, मी ऐकून घ्यायचो. दर काही महिन्यांनी आम्ही त्याला 'घसा तपासायला' न्यायचो आणि तू मावशीकडे राहायचीस. ती बाटली शेजारच्यांची होती असं आईने तुम्हाला सांगितलं. आईने माझ्यासाठी सांगितलं.

बाटली माझी होती. तेव्हा मी उरलेल्या तेलाचा साबण घरी करायचो. काटकसर म्हण, तुझा शब्द वापरायचा तर पर्यावरण म्हण. कॉस्टिक सोड्याचं पाणी उरलं, ते पाण्याच्याच बाटलीत भरून खिडकीत ठेवलं. त्याला रंग नसतो, वास नसतो. दिवसभर नोकरीत मी प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी चिकटवायचो, लाल पेनाने, वळणदार अक्षरात, मुलांनी चिठ्ठी फाडली तर दंड करायचो. घरी वाटलं, मला माहीत आहे ना. नंदूने एकच घोट घेतला. मी घाबरून त्याच्या घशात बोट घालून उलटी करवली. करू नये. जे जाताना भाजतं ते परत येतानाही भाजतं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, उलटी कुणी करवली, तेव्हा मी उत्तर दिलं नाही.

तुझं सोड्याचं पाणी कॉस्टिकइतकं जहाल नाही हे मला कळतं. पण ओवीने त्या माशाला तोंड लावलं होतं गं. झाकण उघडलेलं नव्हतं म्हणून. मी दारात उभा होतो आणि माझी वाचा गेली, मग हात चालले.

नंदूला हे पत्र दाखवायचं की नाही ते तू ठरव. त्याला ठाऊक असावं असं मला कधी कधी वाटतं. मागे त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा त्याच्या न्हाणीघरातल्या प्रत्येक बाटलीवर पट्टी होती, लाल अक्षरात. मी काही विचारलं नाही, तोही बोलला नाही.

पत्राबरोबर पुडकं आहे. मासा मी डब्यातून परत काढला होता, तेही तुला सांगितलं नाही. तीनदा धुतलाय. बुडाला मोठं भोक पाडलंय, आता त्यात काही भरता येणार नाही. ओवीला म्हणावं, आजोबांनी त्याला श्वास घ्यायला जागा केली. शेपटी पिशवीत दुमडली होती, ती इस्त्रीने सरळ केली. एक डोळा निघाला होता. तोच जुना बटणाचा डोळा परत चिकटवलाय, जरा तिरका बसलाय, पण चांगला ओढून पाहिलाय. निघत नाही.

तुझा,
बाबा