थायरॉइडच्या गाठीचा अर्धवट रिपोर्ट

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२५ मे हा जागतिक थायरॉइड दिन. त्या सुमारास तपासणीच्या सवलतींच्या जाहिराती सुरू होतात आणि अलीकडे रक्ततपासणीच्या जोडीला त्यात मानेची सोनोग्राफीही दिसते. मी फॅमिली डॉक्टर आहे. काहीही त्रास नसलेल्या बायका असा रिपोर्ट घेऊन माझ्याकडे येतात. त्यात एकच ओळ असते : थायरॉइडमध्ये गाठ, पुढील तपासणी करावी. तेवढ्यावर घरच्यांनी मनात कर्करोगाचे निदान केलेलेही असते.

वय वाढते तशा या गाठी फार जणांना होतात. रीतसर तपासलेल्या गाठींपैकी साधारण ७ ते १५ टक्क्यांतच कर्करोग निघतो. आपली गाठ त्यातली असण्याची शक्यता किती, हे सांगण्याची पद्धत उपलब्ध आहे. गाठ भरीव आहे की पाण्याची, आजूबाजूच्या भागापेक्षा काळपट दिसते का, रुंदीपेक्षा उंच आहे का, कडा वेड्यावाकड्या आहेत का, आत कॅल्शियमचे बारीक ठिपके आहेत का, हे पाहून गुण देतात आणि बेरजेवरून १ ते ५ अशी टायरॅड्स श्रेणी ठरते; आकडा जितका मोठा, तितका कर्करोगाचा संशय जास्त. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या पद्धतीत श्रेणी ३ ची गाठ अडीच सेंटिमीटरची, ४ ची दीड आणि ५ ची एक सेंटिमीटरची झाली की सुईने पेशी काढून तपासायला सांगतात. निव्वळ पाण्याच्या किंवा स्पंजासारख्या गाठीला सुई लावायची गरज नसते. आकार आणि श्रेणी दोन्ही लिहिल्याशिवाय रिपोर्ट पुरा होत नाही, आणि नेमक्या याच गोष्टी अनेकदा गायब असतात.

रक्तातला टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारे हार्मोन, आधी बघावा. तो कमी असेल तर गाठ स्वतःच जास्त हार्मोन बनवत असू शकते, आणि अशा गाठीत कर्करोग क्वचितच असतो. सुईच्या तपासणीचा निकाल बेथेस्डा नावाच्या वर्गीकरणाच्या सहा गटांत येतो. दुसरा गट म्हणजे साधी गाठ, सहावा म्हणजे कर्करोग जवळजवळ नक्की. तिसरा आणि चौथा गट अनिश्चित. तिथे घाईने ऑपरेशनची तारीख घेण्याआधी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत जरूर घ्यावे.

सरसकट सोनोग्राफीचे काय होते, ते दक्षिण कोरियाने अनुभवले आहे. तिथे १९९९ मध्ये राष्ट्रीय कर्करोग तपासणी कार्यक्रम सुरू झाला आणि थोडे जादा पैसे भरून थायरॉइडची सोनोग्राफीही होऊ लागली. २०११ मध्ये थायरॉइड कर्करोगाचे निदान १९९३ च्या १५ पट झाले. मृत्यूचे प्रमाण मात्र होते तिथेच राहिले. हजारो लोकांच्या ग्रंथी काढल्या गेल्या, जन्मभराच्या गोळ्या मागे लागल्या, काहींचा आवाज गेला. उलट जपानमध्ये कोबेच्या कुमा हॉस्पिटलने १९९३ पासून एक सेंटिमीटरपर्यंतच्या कमी जोखमीच्या कर्करोगावर ऑपरेशन न करता नुसते लक्ष ठेवायला सुरुवात केली, आणि त्यातले बहुतेक वर्षानुवर्षे वाढलेच नाहीत.

याचा अर्थ गाठीकडे दुर्लक्ष करा असा कोणी घेऊ नये. गाठ भराभर वाढत असेल, दगडासारखी टणक लागत असेल, आवाज घोगरा झाला असेल, मानेच्या बाजूलाही गाठी लागत असतील, लहानपणी मानेवर रेडिएशन झाले असेल किंवा जवळच्या नात्यात थायरॉइडचा कर्करोग असेल, तर एक दिवसही थांबू नका.

रेडिऑलॉजिस्ट मित्रांना कळकळीची विनंती आहे, थायरॉइडच्या प्रत्येक गाठीपुढे माप आणि टायरॅड्स श्रेणी लिहाच. तपासणी केंद्रांनी त्रास नसलेल्यांच्या पॅकेजमधून मानेची सोनोग्राफी काढून टाकावी. आणि वाचकहो, रिपोर्टवर श्रेणी नसेल तर केंद्रातून निघण्यापूर्वी ती मागून, लिहून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

एक फॅमिली डॉक्टर, सांगली