नैरोबीला एका रात्रीत उरकू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पर्यटन पुरवणीत केनियावर आख्खं पान होतं, फोटो एकदम झकास, सिंह बिंह सगळं आलं, पण नैरोबीच्या वाट्याला काय तर एक ओळ. "नैरोबीत मुक्काम, दुसऱ्या दिवशी पहाटे मसाई माराकडे प्रस्थान." टूरवाल्यांच्या पत्रकात हीच ओळ असते आणि तुमच्या लेखकाने ती तशीच उचललेली दिसतेय. आमच्याही टूरमधे तसंच झालं होतं, एअरपोर्टजवळच्या हॉटेलात नेऊन टाकलं, पहाटे उठवून गाडीत कोंबलं, कारण विचारलं तर म्हणे "काका, नैरोबीत बघण्यासारखं काही नाही हो". माझी मुलगी-जावई तिकडेच असल्याने टूर संपल्यावर राहायला मिळालं म्हणून ठीक, नाहीतर मी पण हेच इकडे येऊन सांगत बसलो असतो. म्हणून म्हटलं लिहावं.

मी रेल्वेत गार्ड होतो, निम्मी नोकरी पूर्णा-अकोला मीटरगेजवर झाली, त्यामुळे आधी रेल्वे म्युझियमचंच सांगतो, कोणाला कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद वाचावा. हे म्युझियम 1971 चं, जुन्या स्टेशनाच्या अगदी बाजूला आहे, आणि मुळात नैरोबी हे शहरच रेल्वेने वसवलंय. मोंबासाच्या बंदरातून 1896 ला लाईन टाकायला सुरवात झाली, 1899 च्या मे महिन्यात रूळ इथल्या दलदलीपर्यंत पोचले, पुढे रिफ्ट व्हॅली नावाच्या खोल दरीचा अवघड घाट म्हणून इथे यार्ड आणि डेपो टाकला, त्याभोवती गाव झालं आणि सहा वर्षांत राजधानी मोंबासाहून उचलून इथे आणली. लाईन मीटरगेज, सुरवातीची काही इंजिनं हिंदुस्थानातून आणलेली सेकंडहँड, आणि मजूर पण आपल्याकडचे, साधारण 32 हजार माणसं, बहुतेक पंजाबातली, कराचीहून बोटीने नेलेली. त्यातली जवळजवळ अडीच हजार तिथेच मेली. मलेरिया, हगवण, अपघात, आणि वाटेतल्या त्साव्हो भागात मजुरांना खाणारे ते दोन नरभक्षक सिंह. ते सिंह बघायचे तर मात्र शिकागोला जावं लागतं, पेंढा भरून तिकडच्या म्युझियममधे ठेवलेत.

नैरोबीच्या म्युझियममधे काय आहे तर एक डबा आहे. लाकडी, बघायला साधाच. 1900 च्या जूनमधे किमा नावाच्या स्टेशनात हा डबा सायडिंगला लावला होता, त्यात रायल नावाचा रेल्वे पोलीस अधिकारी आणि अजून दोघं गोरे सिंहाची वाट बघत बसलेले, पहाऱ्याची पाळी रायलची होती आणि त्याचा डोळा लागला. सिंह सरकत्या दारातून आत शिरला, डबा एका बाजूला कललेला होता म्हणून त्याच्या वजनाने दार आपोआप सरकून बंद झालं, मग त्याने रायलला धरला आणि खिडकीतून बाहेर नेला. मी त्या खिडकीशी उभा राहून बघितलं, एवढ्याशा जागेतून माणूस धरून सिंह बाहेर पडलाच कसा हे काही केल्या कळत नाही. रात्री एकट्याने ब्रेकव्हॅनमधे (मालगाडीच्या शेवटी गार्डचा डबा) बसलेल्या कुठल्याही गार्डला तो डबा बघून कसं वाटेल ते सांगायला नको.

आणि बाहेर अंगणात गॅरेट जातीचं वाफेचं इंजिन उभं आहे, 59 क्लास, नाव माउंट गेलाई, कारण या क्लासच्या सगळ्या इंजिनांना पूर्व आफ्रिकेतल्या डोंगरांची नावं दिली होती. दोन इंजिनं आणि मधे दोघांचा मिळून एकच भलामोठा बॉयलर, सगळं वळणावर वळेल असं जोडलेलं, वजन अडीचशे टनांच्या वर. मीटरगेजवर याच्याहून मोठं वाफेचं इंजिन जगात झालं नाही. समुद्रसपाटीपासून साडेपाच हजार फूट चढायचं, घाटात वळणं, अशा लाईनीवर एवढा लोड ओढायचा तर वजन भरपूर चाकांवर वाटून टाकावं लागतं, त्यासाठी ही सगळी करामत. आमच्या पूर्णेच्या मीटरगेजवर आयुष्य काढलेला माणूस त्या चाकांसमोर उभा राहिला की तासभर हलत नाही, जावई गाडीत बसून फोन बघत होता, बघू दे.

आता जनावरं. लोकांना वाटतं जनावरं बघायला माराच पाहिजे. अहो, नैरोबी नॅशनल पार्क शहराच्या मध्यापासून सात-आठ किलोमीटरवर आहे, 1946 चं, केनियातलं पहिलं, 117 चौरस किलोमीटर. आपलं बोरिवलीचं पार्क साधारण तेवढंच, फक्त इथे सिंह, गेंडे (काळे आणि पांढरे दोन्ही), रेडे, जिराफ, झेब्रे मोकळे फिरतात आणि त्यांच्या पाठीमागे उंच बिल्डिंगा दिसतात. हत्ती मात्र नाहीत, उगाच गाईडच्या मागे लागू नका. तीन बाजूंनी कुंपण, दक्षिणेची बाजू जनावरांना ये-जा करायला उघडी, आणि पार्काच्या वरून चिनी लोकांनी बांधलेली नवी रेल्वे जाते, खालून जिराफ जाईल इतक्या उंच खांबांवर. ती व्हायच्या वेळी तिथल्या लोकांनी भरपूर विरोध केला होता, कोर्टात गेले होते, तरी झालीच. रेल्वेवाला असून सांगतो, तो पूल डोळ्याला खुपतो. पहाटे गेट उघडताना जा, दहा वाजले की सिंह गवतात आडवे होतात आणि मग नुसतं गवतच बघायचं. हत्तींची शिकार थांबावी म्हणून हस्तिदंत जाळलं ती जागा पण याच पार्कात आहे, 1989 ला राष्ट्रपती मोईंच्या सरकारने बारा टन जाळलं, 2016 ला तर 105 टन.

हत्ती बघायचे तर पार्काच्याच कडेला शेल्ड्रिक ट्रस्टचं अनाथ पिल्लांचं घर आहे, लोकांना सकाळी अकरा ते बारा एवढा एकच तास, आणि बुकिंग आधी करावं लागतं, ऐनवेळी गेलात तर परत फिरावं लागेल. ती पिल्लं ओळीने धावत येतात, सांभाळणारे हिरवे कोट घालून हातात दुधाच्या मोठाल्या बाटल्या घेऊन उभे, एक पिल्लू स्वतःची बाटली संपवून शेजारच्याच्या बाटलीला सोंड लावत होतं आणि सांभाळणारा त्याला अगदी घरातल्या पोरासारखा दटावत होता. रात्री ही माणसं पिल्लांच्या खोलीतच झोपतात. मोठी झाली की पिल्लांना त्साव्होच्या जंगलात नेऊन हळूहळू सोडतात. जिराफ सेंटर पण तिकडेच जवळ, नातवंडं असतील तर न्याच, हातावरचं खाद्य जिराफ काळ्या-निळ्या लांब जिभेने उचलतो आणि पोरं किंचाळतात. 'आउट ऑफ आफ्रिका' पुस्तक लिहिणाऱ्या कारेन ब्लिक्सेनबाईंचं घर टूरवाले आवर्जून दाखवतात, त्या पुस्तकावर सिनेमा निघाला म्हणून सिनेमावाल्यांना आवडेल, मला बागच जास्त आवडली.

पण मला खरं लिहायचंय ते सिटी पार्कबद्दल, आणि तुमच्या लेखात हे नसण्याचंच वाईट वाटलं. पार्कलँड्स भागात ही बाग आहे, माकडं भरपूर, खायचं हातात धरू नका. तिथल्या दफनभूमीत पियो गामा पिंटो यांची कबर आहे. आपल्याकडे किती जणांना नाव माहितीये? गोव्याच्या घराण्यातला माणूस, जन्म नैरोबीतच 1927 चा, शिक्षण हिंदुस्थानात झालं, मुंबईत नोकरी केली, गोवा मुक्तीच्या चळवळीत पडला, पोर्तुगीज पकडणार म्हणून 1949 ला परत केनियात गेला. तिथे गप्प बसला का? नाही. पत्रकारिता, कामगारांचं काम, माउ माउवाल्यांना (इंग्रजांविरुद्ध बंड करणारे) मदत, म्हणून इंग्रजांनी बरीच वर्षं डांबून ठेवलं. स्वातंत्र्य मिळाल्यावर खासदार झाला आणि 24 फेब्रुवारी 1965 ला सकाळी स्वतःच्या घराच्या फाटकाशी गाडीत गोळ्या घालून मारला, लहान मुलगी गाडीत होती. वय सदतीस. स्वतंत्र केनियातला पहिला राजकीय खून म्हणतात. आणि जवळच जोसेफ मुरुंबी, वडील गोव्याचे आणि आई मसाई, शिक्षण आपल्याकडेच, केनियाचे दुसरे उपराष्ट्रपती. मित्राच्या जवळच पुरावं अशी त्यांची इच्छा होती. मुरुंबींनी आयुष्यभर जमवलेल्या आफ्रिकन कलेच्या वस्तू, टपाल तिकिटं, पुस्तकं असं काय काय शहराच्या मध्यात नैरोबी गॅलरीत बघायला मिळतं, 1913 च्या जुन्या सरकारी कचेरीत ती गॅलरी आहे. गोव्यात, कोकणात आणि मुंबईत ज्यांचे नातेवाईक या भागात जाऊन राहिले असतील त्यांनी तरी इथे जायला पाहिजे, दगडावरची नावं वाचायला पाहिजेत. आम्ही गेलो तेव्हा तिथे फुलं वाहणारं कोणी नव्हतं, मुलीने झेंडूची फुलं आणली होती.

शहराच्या मधोमध जीवनजी गार्डन आहे, कराचीच्या बोहरी व्यापाऱ्याने, अलीभाई मुल्ला जीवनजींनी, शहराला दिलेली. रेल्वेचं काम, माणसं आणि शिधा पुरवायचं कंत्राट यांचंच. दुपारी ऑफिसवाले बाकांवर डुलक्या काढतात आणि कोपऱ्यात कोणीतरी पाद्री मोठ्याने प्रवचन देत असतो. 1991 ला इथे बिल्डिंग उठवायचा घाट घातला होता तेव्हा जीवनजींच्या नातीने लोक गोळा करून बाग वाचवली. तसंच करुरा जंगलाचं, शहराच्या उत्तरेला हजारेक हेक्टर, बिल्डरांच्या घशात जाणार होतं, पर्यावरणासाठी लढणाऱ्या वंगारी माथाई बाईंनी झाडं लावायला जाऊन मार खाल्ला पण जंगल राहिलं, पुढे 2004 ला त्यांना नोबेल मिळालं. आज तिकडे लोक सकाळी चालायला येतात, धबधबा आहे, माउ माउवाले लपायचे त्या गुहा आहेत. आपल्याकडे मैदानांचं काय होतं ते तुमच्याच पेपरात रोज येतं म्हणून हे सांगितलं.

नॅशनल म्युझियमला अर्धा दिवस ठेवा. तुर्काना बॉय, पंधरा-सोळा लाख वर्षांपूर्वीच्या पोराचा जवळजवळ पूर्ण सांगाडा, 1984 ला कामोया किमेऊ या केनियन माणसाला त्याचा पहिला तुकडा सापडला. अंगणात भल्यामोठ्या सुळ्यांच्या अहमद हत्तीचा पुतळा आहे, याच्या जिवाला धोका म्हणून देशाचे पहिले राष्ट्रपती जोमो केन्याटांनी खास हुकमाने त्याला संरक्षण दिलं होतं, 1974 ला म्हातारपणाने मेला. 7 ऑगस्ट 1998 ला अमेरिकन वकिलातीवर बॉम्ब फुटला त्या जागी आता छोटी बाग आणि भिंतीवर मेलेल्यांची नावं, नैरोबीत 213 माणसं गेली, पंधरा मिनिटं तिथे बसा. केआयसीसी या उंच परिषद-इमारतीच्या गच्चीवरून सगळं शहर दिसतं.

खाण्याची काळजी शाकाहारी माणसाने करू नये. रस्त्यावरच्या टपरीत चपाती आणि एन्डेंगू मिळतं, म्हणजे हिरव्या मुगाची उसळच, फक्त मिरची कमी, आणि पार्कलँड्समधे गुजराती थाळीपासून सगळं. तिथे आपल्या लोकांची वस्ती इतकी जुनी की 1920 पर्यंत देशात रुपयाच चालायचा, आणि 2017 ला सरकारने आशियाई लोकांना केनियाची 44 वी जमात म्हणून मान्यता पण दिली.

काही कामाच्या गोष्टी, लेखात नव्हत्या म्हणून. पिवळ्या तापाची लस निघायच्या निदान दहा दिवस आधी घ्या आणि कार्ड जपून ठेवा, नसेल तर परत येताना आपल्याच एअरपोर्टवर अडवतात, ही सगळ्यात महत्त्वाची. व्हिसा गेला, आता ऑनलाईन ईटीए म्हणजे प्रवासाची परवानगी काढायची. प्लास्टिकच्या पिशव्यांवर 2017 पासून बंदी आहे आणि कडक आहे, बॅगेत चिवडा-लाडू कापडी पिशवीत भरा. जुलै-ऑगस्टमधे स्वेटर लागतो, आफ्रिका म्हणून नुसते सुती कपडे नेऊन आमच्या ग्रुपमधले दोघं कुडकुडले. मोबाईल रस्त्यावर हातात नाचवत चालू नये, मटाटू नावाच्या रंगीत मिनीबसमधे बसायची हौस असेल तर ओळखीचा माणूस बरोबर घ्या, आतमधे गाणी इतकी मोठ्याने की शेजारचा काय बोलतो ऐकू येत नाही.

तर विनंती एवढीच की पुढच्या वेळी केनियाचं पान काढाल तेव्हा नैरोबीला निदान तीन दिवस द्या असं छापा, आणि सिटी पार्कचं नाव टाका. टूरवाले त्यांच्या पत्रकात टाकणार नाहीत, त्यांना त्यात कमिशन नाही.

आपला,
एक नियमित वाचक (निवृत्त रेल्वे गार्ड)
पूर्णा, जि. परभणी