नावाचा घोळ

प्रिय पिल्लू,

काल फोनवर तू घाईत होतीस आणि मी पण कुकर लावलेला, त्यामुळे नीट बोलणं झालंच नाही. शिवाय आपलं ठरलेलंच आहे, मी काही सांगायला लागले की तू "आई, माहितीये मला" म्हणतेस आणि मी गप्प बसते. म्हणून लिहूनच काढते, वाच निवांत, ट्रेनमध्ये वाच हवं तर.

आधी फ्लॅटचं अभिनंदन. रेडिंगमध्ये स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर ३ लाख २० हजार पौंड म्हणजे वाईट नाही. पण पेढे मी अजून आणलेले नाहीत आणि तूही कोणाला सांगत सुटू नकोस, कारण ऑफर ॲक्सेप्ट झाली म्हणजे इंग्लंडात कायद्याने काहीच झालेलं नसतं. आपल्याकडे निदान इसार पावती तरी करतात, इथे तेही नाही. एजंटने पाठवलेल्या त्या कागदावर "सब्जेक्ट टू कॉन्ट्रॅक्ट" लिहिलंय बघ, म्हणजे एक्स्चेंज (दोन्हीकडच्या सह्यांच्या करारांची अदलाबदल) होईपर्यंत विकणारा उद्या दुसऱ्याकडून पाच हजार जास्त घेऊन तुला टाटा करू शकतो, आणि तूही एक पैसा दंड न भरता मागे फिरू शकतेस. १९८९ च्या कायद्याने जागेचा करार लेखीच लागतो, सगळ्या अटी त्यात आणि दोन्हीकडच्या सह्या, तोंडी शब्दाला किंमत नाही. स्कॉटलंडमध्ये वेगळी पद्धत आहे, तुझी एडिनबरोची मैत्रीण सांगते ते ऐकून गोंधळू नकोस. आणि एजंट गोड बोलतो ते ठीक, पण तो माणूस विकणाऱ्याचा. आमचाच मॉर्टगेज ब्रोकर घ्या, आमचाच सॉलिसिटर, म्हणजे वकील, घ्या म्हणतील, तसं बंधन काही नाही.

आता मुद्द्याचं. तू फोनवर सहज म्हणालीस, "स्टॅम्प ड्यूटी हजारच पौंड येतेय, फर्स्ट टाइम बायर ना आम्ही." माझ्या पोटात तिथेच गोळा आला.

२०१८ ची सुट्टी आठवते का, पुण्यात वाकडला फ्लॅट घेतला तेव्हा तुला पण निबंधक कार्यालयात नेलं होतं, तू एकवीस वर्षांची, उकाड्याने वैतागलेली, अंगठा लावताना आणि वेबकॅमवर फोटो काढताना हसत होतीस आणि तो क्लार्क म्हणाला "मॅडम सरळ बघा". बाबांचाच हट्ट होता, पोरीचं नाव आत्ताच असू दे, पुढे वारसाच्या कटकटी नकोत. मी पण मान डोलावली. तर ते नाव आता इथे आडवं येतंय.

कारण इथल्या नियमात फर्स्ट टाइम बायर म्हणजे इंग्लंडात पहिलं घर असं नाहीये, जगात कुठेही, कधीही घर किंवा घराचा हिस्सा नावावर आलेला नसावा असं आहे. विकत घेतलेलं, बक्षीस मिळालेलं, वारशाने आलेलं, सगळं धरतात. आणि आता बक्षीसपत्र करून तुझं नाव काढलं तरी उपयोग नाही, एकदा होतं म्हणजे होतं. वर तुम्ही दोघं मिळून घेताय, त्यात एकाचं जरी आधी घर असलं तरी सवलत दोघांचीही जाते. मी कागदावर मांडून बघितलं. सवलत असती तर ३ लाखांपर्यंत शून्य, वरच्या २० हजारांवर ५ टक्के, म्हणजे तू म्हणतेस ते १ हजार. सवलत नाही म्हटल्यावर १ एप्रिल २०२५ पासूनच्या दराने पहिल्या सव्वा लाखावर शून्य, पुढच्या सव्वा लाखावर २ टक्के म्हणजे अडीच हजार, राहिलेल्या ७० हजारांवर ५ टक्के म्हणजे साडेतीन हजार. झाले ६ हजार.

त्यातल्या त्यात वाचलोय कुठे तर दुसऱ्या घराच्या जादा ५ टक्क्यांत. ते पण जगभरातलं घर धरतात, पण तुझ्या हिश्शाची किंमत ४० हजार पौंडांच्या आत असेल तर लागत नाही. वाकडचा फ्लॅट आज कोटीच्या आसपास, तीन नावं, तुझा तिसरा हिस्सा साधारण तीस हजार पौंड होतो. अख्खा फ्लॅट तुझ्या एकटीच्या नावावर असता तर वर १६ हजार आणि पडले असते, एकूण २२ हजार! पण हे माझं स्वयंपाकघरातलं गणित झालं, खरी व्हॅल्यू आणि खरं उत्तर तुझा सॉलिसिटर देईल, आणि त्यासाठी त्याला हे सांगायला हवं, तो विचारेपर्यंत वाट बघू नकोस. पुण्यातला फ्लॅट यांना कुठून कळणार असं तुझा मामा म्हणेल, त्याचं अजिबात ऐकू नकोस. स्टॅम्प ड्यूटीच्या रिटर्नमध्ये खोटं लिहिलं तर टॅक्स, व्याज, दंड सगळं तुझ्या डोक्यावर येतं, मामाच्या नाही.

लाइफटाइम आयसाचंही, म्हणजे पहिल्या घरासाठी सरकार भर घालतं त्या तुझ्या बचत खात्याचंही तेच, हे तर मला काल रात्री अंथरुणात पडल्यावर सुचलं आणि झोप उडाली. त्यालाही तीच अट आहे, कुठेही कधी घर नको. तू ४ हजार भरलेस, सरकारने १ हजार घातले, झाले ५, आणि पात्र नसताना काढलेस तर २५ टक्के कापतात, म्हणजे हातात ३,७५०. स्वतःच्याच पैशातले अडीचशे गेले. न काढता साठ वर्षांची होईपर्यंत ठेवता येतात ते वेगळं. त्यामुळे डिपॉझिटच्या हिशोबात ते पैसे आत्ता धरूच नकोस.

सवलत जाईल एवढं मी सांगितल्यावर तू काल जे पटकन म्हणालीस ना, "मग त्याच्या एकट्याच्या नावावर घेऊ, पाच हजार वाचतील," त्यासाठी हे पत्र खरं म्हणजे. पोरगा चांगला आहे, मला आवडतो, पोह्यांवर लिंबू मागून घेतो तो माणूस वाईट नसतो. पण बाई, तुमचं लग्न झालेलं नाही. इथे सगळे म्हणतात की अमुक वर्षं एकत्र राहिलं की कॉमन लॉ वाइफ होते, तसं इंग्लंडच्या कायद्यात काहीही नाही. दहा वर्षं राहिलात, अर्धे हप्ते तू भरलेस आणि घर त्याच्या नावावर, तर उद्या तुला कोर्टात जाऊन सिद्ध करत बसावं लागेल की यात माझा हिस्सा आहे. उलट बँक त्याला एकट्याला लोन देताना तुझ्याकडून एक फॉर्म सही करून घेईल की तू तिथे राहणार असलीस आणि तुझा काही हक्क असलाच तरी तो बँकेच्या मागे. आणि डिपॉझिटमधले तुझे पैसे गिफ्ट आहेत, परत मागणार नाही, असंही लिहून मागतील. मग गुपचूप ट्रस्टचा कागद करून हिस्सा ठेवू म्हणशील तर टॅक्सवाले अशा ट्रस्टमध्ये खऱ्या मालकालाच खरेदीदार धरतात, म्हणजे सवलत गेलीच.

पाच हजारांसाठी नाव सोडू नकोस. जिथे गरज नव्हती तिथे आम्ही तुझं नाव घुसवलं आणि जिथे हवं तिथे तू काढायला निघालीस, हे काही मला बघवत नाही. पाच हजार बाबा देणार आहेत, हट्ट त्यांचा होता, ते कबूल झालेत (मी कबूल करवलंय).

दोघांच्या नावावर घेतलंत की सॉलिसिटर विचारेल जॉइंट टेनंट्स की टेनंट्स इन कॉमन, टेनंट म्हणजे इथे भाडेकरू नव्हे. जॉइंट टेनंट्स म्हणजे एकाचं काही झालं तर सगळं आपोआप दुसऱ्याचं, मृत्युपत्रात काहीही लिहिलेलं असो. टेनंट्स इन कॉमन म्हणजे ज्याचा त्याचा ठरलेला हिस्सा. तू ४० हजार घालतेयस आणि तो १५, तेव्हा दुसरंच घ्या, डिक्लरेशन ऑफ ट्रस्ट करून आकडे लिहून टाका आणि दोघांनी मृत्युपत्र करा. अपशकुन वगैरे म्हणू नकोस.

आमचे १० हजार त्या ४० मध्येच आहेत, त्याबद्दल. गिफ्ट लेटर मी सही करीन, पण त्यातला काही भाग पुण्याची एफडी मोडून येतोय, त्यामुळे एफडीची पावती, तिकडचं स्टेटमेंट, इकडचं स्टेटमेंट सगळं लागेल. माझ्यावर संशय घेतायत का असं बाबांना वाटलं, तसं नाही, मनी लाँडरिंगच्या नियमाने सगळ्यांनाच विचारतात. एक मात्र कर, सॉलिसिटरचा अकाउंट नंबर पहिल्या दिवशी फोन करून लिहून घे, आणि मध्येच "आमचं बँक अकाउंट बदललंय" असा मेल आला तर एक पेनी पाठवू नकोस, आधी जुन्या नंबरवर फोन कर. लोकांची आयुष्याची पुंजी अशी गेलीय.

फ्लॅट लीजहोल्ड आहे, म्हणजे कायमची मालकी नाही, ठरावीक वर्षांचा पट्टा, हे तुला माहिती आहे, पण ८४ वर्षं राहिलीत हे तू ज्या सहजतेने म्हणालीस! ८० च्या खाली गेलं की लीज वाढवायला मॅरेज व्हॅल्यू म्हणून जास्तीचे पैसे द्यावे लागतात. २०२४ च्या नव्या कायद्यात ते काढायचं ठरलंय, पण त्यातली कलमं एकेक करून लागू होतायत, त्या भरवशावर बसू नकोस. चांगलं एवढंच की आधी दोन वर्षं मालकी लागायची ती अट जानेवारी २०२५ अखेर गेली, म्हणजे घेतल्या घेतल्या वाढवायला अर्ज करता येतो. खर्चाचा अंदाज आत्ताच काढ आणि किंमत कमी करून माग. ग्राउंड रेंट (जमीनमालकाला द्यायचं भाडं) किती, दर किती वर्षांनी वाढतो तेही बघ, शून्य ग्राउंड रेंटचा कायदा ३० जून २०२२ पासूनच्या नव्या लीजना आहे, तुझ्या जुन्याला नाही. आणि मॅनेजमेंटवाल्यांकडून तीन वर्षांचे सर्व्हिस चार्जचे हिशोब घे, छताचं किंवा लिफ्टचं मोठं काम येऊ घातलंय का ते विचार. सोसायटीच्या मीटिंगला न जाणाऱ्या माणसाला काय भोगावं लागतं ते तुझ्या आजोबांनी पाहिलंय.

सर्व्हेचे पैसे वाचवू नकोस. बँक करते ते व्हॅल्युएशन बँकेसाठी असतं, ओल आलीय का ते तुला कोणी सांगत नाही.

पुढे कधी विकशील तेव्हासाठी आमचा एक गाढवपणा सांगते. लूटनचं घर २०१६ ला विकलं तेव्हा किचनची भिंत पाडली होती त्याचं बिल्डिंग रेग्युलेशनचं सर्टिफिकेट घेणाऱ्याच्या वकिलाने मागितलं. आमच्याकडे नव्हतं, बिल्डर म्हणाला होता लागत नाही. असं झालं की वकील इन्डेम्निटी इन्शुरन्स (कागद नसल्याने पुढे नुकसान झालं तर भरून देणारा विमा) काढून देतात, थोड्या पैशात काम होतं. पण मी शहाणी, प्रामाणिकपणे काउन्सिललाच (इथली नगरपालिका) फोन करून विचारलं की काय करू. संपलं! काउन्सिलला कळवलं की तो इन्शुरन्सच मिळत नाही. मग काउन्सिलचा माणूस आला, त्याने सीलिंगचं प्लास्टर फोडायला लावलं, टॉर्च मारून आतला लोखंडी बीम बघितला, पाच आठवडे गेले, घेणारे जवळजवळ पळालेच होते. म्हणून फोन उचलायच्या आधी वकिलाला विचारायचं. आणि फॉर्मवर शेजाऱ्यांशी भांडण विचारतात तिथे खरं लिहायचं, आम्ही कुंपणाचं लिहिलं होतं. लपवलं तर नंतर दावा लावतात.

एक्स्चेंजला १० टक्के भरलेस की मग मात्र तू अडकलीस, तेव्हा मागे फिरलीस तर ३२ हजार गेले. मॉर्टगेज ऑफर लेखी हातात आल्याशिवाय सॉलिसिटर करू देणार नाहीच, पण तूही करू नकोस. फिटिंग्जचा फॉर्म नीट वाच, काय ठेवणार काय नेणार. लूटनच्या घराची किल्ली मिळाली त्या दिवशी, चार घरांची चेन होती (एकाने घर सोडलं की दुसऱ्याने शिरायचं), दुपारी चार वाजेपर्यंत आम्ही गाडीत बसलो होतो, माझ्या मांडीवर देवांचा डबा, तुझ्या मांडीवर प्रेशर कुकर, आणि आत गेलो तर त्या लोकांनी बल्बसुद्धा काढून नेलेले. देवापुढचं निरांजन लावलं तेवढाच उजेड. तू रडत होतीस की इथे भूत आहे.

शनिवारी येतेस तेव्हा लीज प्रिंट करून आण, फोनवर मला वाचता येत नाही. वाकडचं इंडेक्स टू बाबांनी शोधून ठेवलंय, स्कॅन करून आज पाठवतील, ते सॉलिसिटरच्या पहिल्याच मेलला जोड. आणि माझा तो मोठा स्टीलचा डबा गेल्या दिवाळीपासून तुझ्याकडे आहे.

तुझी,
आई