तळघरातली दुर्गंधी आणि एक न बसवलेले बूच

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: अर्धवट कामामुळे सुटलेली दुर्गंधी व दोन फेऱ्यांच्या बिलाचा परतावा

महोदय,

तळघरातला तुंबलेला नहाणी ट्रॅप (जमिनीतल्या जाळीखालचा, वास अडवायला पाणी साठवून ठेवणारा भाग) आपल्या माणसाने मशीनने पाइपात लांब स्प्रिंग फिरवून पहिल्याच फेरीत मोकळा केला. त्याबद्दल तक्रार नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तळघरात सडक्या अंड्यासारखा वास सुटला. असा वास तिथे याआधी कधीच नव्हता.

मी फोन केल्यावर दुसरा माणूस आला. "ट्रॅप सुकला असेल," म्हणत त्याने जाळीवरूनच बादलीभर पाणी ओतले आणि बिल हातात ठेवले. ट्रॅपमधले पाणी आटले की गटाराचा वायू वर येतो, हे मलाही ठाऊक आहे. पण माझ्या वॉशिंग मशीनचे पाणी दिवसाआड त्याच ट्रॅपमध्ये पडते. तो सुकणार कसा?

तिसऱ्या फेरीत सुगंधी जंतुनाशक ओतले गेले. वर मला ऐकवले, "आता काही वास नाही, मॅडम, तुमच्या मनात बसलाय." हे गृहस्थ अर्धा तास तळघरातच होते. सडक्या अंड्यांचा हा वास गटारातल्या हायड्रोजन सल्फाइड वायूचा, आणि त्याला नाक लवकर सरावते. थोडा वेळ मोकळ्या हवेत थांबून परत आत आले असते, तर माझ्या मनात काय बसलेय ते त्यांच्याही नाकाला कळले असते. त्याही फेरीचे बिल मी भरले. (चूक माझीच.)

शेवटी मीच शोधायला बसले. नहाणी ट्रॅप, बेसिन, मशीनचा उभा पाइप, पंपाच्या खड्ड्याचे झाकण, सगळ्यांवर प्लास्टिक घालून चिकटपट्टी मारली आणि रात्रभर दार बंद ठेवले. सकाळी वास नव्हता. मग रोज एकेक प्लास्टिक काढत गेले. तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी नहाणी ट्रॅप उघडला आणि जिन्यातच नाक धरायची वेळ आली.

जाळी उचलून बॅटरी मारली. आत पाणी व्यवस्थित होते. मात्र पाण्याच्या पातळीच्या वर, ट्रॅपच्या बाजूला, मनगट जाईल एवढे गोल भोक उघडे होते आणि त्याच्या आट्यांत टेफ्लॉन टेपचा तुकडा लोंबत होता. हे सफाईचे तोंड. ट्रॅपला वळसा घालून ते थेट पुढच्या पाइपात निघते. त्याला बूच नसेल तर खाली बादल्या ओतून काय उपयोग? वायू पाण्याच्या वरून सरळ घरात येणार. स्प्रिंग घालायला आपल्या पहिल्या माणसाने ते बूच काढले आणि परत लावलेच नाही. ज्या कोपऱ्यात त्याने स्प्रिंगचे मशीन ठेवले होते, तिथेच रंगाच्या डब्यामागे ते मला सापडले. पान्याने कडा झिजलेल्या, आटे कापलेले. बसवायचा प्रयत्न केला, बसत नाही.

सध्या त्या तोंडात रबरी बूच दाबून बसवले आहे. वास त्याच संध्याकाळी गेला. नंतर आलेल्या दोघांपैकी एकाने जरी जाळी उचलली असती, तरी हे पत्र लिहावे लागले नसते. शिवाय गटाराच्या वायूत मिथेनही असतो, तो पेट घेतो, आणि माझा गॅसचा गीझर त्याच तळघरात आहे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीची पूर्ण रक्कम परत करावी. योग्य मापाचे नवे बूच विनामूल्य बसवून द्यावे आणि बाकीच्या जोडांतून गळती नाही ना, हे पाइपात धूर सोडून तपासावे. त्या तपासणीचा लेखी अहवालही हवा. आठ दिवसांत उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

ट्रॅपचे फोटो आणि तिन्ही बिलांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. जुने बूच माझ्याकडेच राहील. नवे बसवायला जो कोणी येईल त्याने ते घट्ट फिरवून होईपर्यंत मी शेजारी बॅटरी धरून उभी असेन, हेही त्याला आधीच सांगून ठेवावे.

आपली,
एक ग्राहक