दुकानात नसलेले अल्बम श्रोत्यांनी नाकारले कसे?

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ऐंशीच्या दशकातील अमेरिकी रॉक संगीतावर आलेला लेख आवडीने वाचला. त्यात कॉलेज रॉकला, म्हणजे विद्यापीठांच्या रेडिओ केंद्रांवर वाजणाऱ्या रॉक संगीताला, एकच परिच्छेद मिळाला आणि तोही बहुतेक आर.ई.एम. या बँडने व्यापला, याबद्दल माझी तक्रार नाही. जागेची अडचण मी समजू शकतो. मात्र त्या काळातले बाकीचे अल्बम काळाच्या फार पुढे असल्यामुळे श्रोत्यांनी ते स्वीकारले नाहीत, हे विधान वस्तुस्थितीला धरून नाही.

१९८५ ते १९८७ ही दोन वर्षे मी विद्युत अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी नॉर्थ कॅरोलायनात होतो आणि प्रयोगशाळेत रात्र काढायची तर सोबतीला रेडिओ लागे. अमेरिकेत एफएमच्या पट्टीवरचा ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा डावीकडचा तुकडा बिगर-व्यापारी, शैक्षणिक केंद्रांसाठी राखून ठेवलेला आहे. तिथल्या विद्यापीठांच्या केंद्रांत विद्यार्थीच निवेदक. जाहिरातदार नाही, म्हणून अमुकच गाणे लावा असे सांगणाराही कोणी नाही. एकदा एका सहाध्यायाबरोबर आमच्या विद्यापीठाच्या केंद्रात गेलो, तर प्रत्येक रेकॉर्डच्या वेष्टनावर पांढरा कागद चिकटवलेला होता आणि त्यावर निरनिराळ्या शाईत शेरे होते. ‘दुसरी बाजू, तिसरे गाणे, जरूर लावा’. खाली दुसऱ्या हस्ताक्षरात, ‘कृपा करून लावू नका’. लेखात ज्यांना ‘न स्वीकारलेले’ म्हटले आहे, त्यांतल्या काहींवरचे कागद तर शेऱ्यांनी भरून गेले होते.

सर्वांत ठळक उदाहरण द डीबीज या बँडचे आहे. विन्स्टन-सेलम या नॉर्थ कॅरोलायनातल्याच गावातून न्यूयॉर्कला गेलेल्या या चौघांचे ‘स्टँड्स फॉर डेसिबल्स’ आणि ‘रिपर्कशन’ हे दोन्ही अल्बम १९८१ मध्ये निघाले, पण ते काढले लंडनच्या अल्बियन कंपनीने. बँड अमेरिकेचा, श्रोते अमेरिकेचे आणि रेकॉर्ड मात्र परदेशातून मागवायची! बँडच्या दोन गायक-गीतकारांपैकी पीटर होल्सॅपलचे ‘ब्लॅक अँड व्हाइट’ हे पहिल्या अल्बममधले पहिलेच गाणे ऐकावे: चाल सरळ, एकदा ऐकून गुणगुणता येईल अशी, पण गिटार तिला सुखाने बसू म्हणून देत नाही. दुसरा गायक ख्रिस स्टेमी याचा आवाज मला आजही जरा पातळ वाटतो, तरी हे संगीत कोणाच्या डोक्यावरून जाण्यासारखे अजिबात नव्हते.

आता याच्या शेजारी आर.ई.एम.चा ‘मर्मर’ ठेवून पाहावा. १९८३ साली, म्हणजे सगळीकडे मायकेल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ वाजत असताना, ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकाच्या समीक्षकांनी ‘मर्मर’ला वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरवले. त्याच्या दोन निर्मात्यांपैकी मिच ईस्टर हा विन्स्टन-सेलमचाच, स्टेमीचा जुना मित्र आणि आधीच्या एका बँडमधला साथीदार. ‘रिपर्कशन’चा निर्माता स्कॉट लिट यानेच पुढे १९८७ मध्ये आर.ई.एम.चा ‘डॉक्युमेंट’ त्यांच्याबरोबर घडवला आणि त्यातल्या ‘द वन आय लव्ह’ने त्यांना अमेरिकेतल्या पहिल्या दहांत नेले. पडद्यामागची माणसे तीच, सुरांची घडणही बरीचशी तीच, पण ‘मर्मर’च्या वेळी आर.ई.एम.ची आय.आर.एस. ही कंपनी ए अँड एम या मोठ्या कंपनीच्या वितरणातून दुकानादुकानांत पोहोचत होती आणि डीबीजला आपल्याच देशात कंपनी नव्हती. ज्या श्रोत्यांनी एकाला उचलून धरले, त्यांनी दुसऱ्याला नाकारले असे कोणत्या आधारावर म्हणायचे?

डीबीजना अमेरिकी कंपनी मिळाली ती १९८४ मध्ये, ‘लाइक धिस’च्या वेळी. तोवर स्टेमी बाहेर पडला होता. बेअर्सव्हिल या त्या कंपनीचे वॉर्नरशी असलेले वितरणाचे नाते नेमके त्याच सुमारास तुटले, आणि पुढचा अल्बम यायला १९८७ उजाडले. माझ्याकडची ‘लाइक धिस’ची प्रत मी एका दुकानाबाहेरच्या खोक्यातून एका डॉलरला घेतली. तिच्या वेष्टनाचा उजवा कोपरा कात्रीने उडवलेला आहे. पडून राहिलेला माल मोडीत काढल्याची ती खूण असते, आणि अशा विक्रीतून कलावंताच्या हाती सहसा काही पडत नाही. घासाघीस न करता घेतली, एवढेच माझे पुण्य.

‘काळाच्या पुढे’ हे शब्द वापरायचेच असतील तर गेम थिअरी नावाच्या बँडच्या ‘लोलिता नेशन’साठी वापरावेत. स्कॉट मिलर हा या बँडचा प्रमुख स्वतः विद्युत अभियंता आणि संगणक प्रोग्रॅमर (म्हणून माझा थोडा पक्षपात गृहीत धरावा). १९८७ चा हा दोन रेकॉर्डींचा, २७ तुकड्यांचा अल्बम. त्यातल्या एका तुकड्याचे शीर्षक तर प्रोग्रॅमच्या ओळी मध्येच घुसाव्यात तसे लांबत जाते. त्याची निर्मितीही मिच ईस्टरचीच. हे खरोखर अवघड संगीत आहे आणि पहिल्या ऐकण्यात मलाही ते नीट उमगले नव्हते. पण त्याचेही नुकसान केले ते एनिग्मा ही कंपनी बंद पडल्याने. अल्बम वर्षानुवर्षे बाजारात नव्हता. तो नीट पुन्हा निघाला २०१६ मध्ये, आणि मिलर २०१३ मध्येच वारला होता.

त्या खोक्यांतले सगळेच काही रत्न नव्हते; एक डॉलरही जास्त वाटावा अशा रेकॉर्डी मी आणल्या आहेत. परंतु ‘स्टँड्स फॉर डेसिबल्स’ अमेरिकेत एलपी रेकॉर्डच्या रूपात प्रथम निघाला तो २०२४ साली, म्हणजे ४३ वर्षांनी. लेखमाला पुढे चालू राहणार असल्याचे आपण म्हटले आहे. तेव्हा पुढील भागात वरील विधानाची दुरुस्ती व्हावी आणि जमल्यास आर.ई.एम.च्याच, जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावातल्या पायलॉन या बँडच्या १९८० च्या ‘गायरेट’ या अल्बमला चार ओळी मिळाव्यात, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक, सांगली