पंतप्रधान थेट जनतेतून नको, लोकसभेतून उघड मतदानाने निवडावा

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

सरपंच आणि नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडले जाऊ लागल्यापासून आमच्या भागात ग्रामपंचायतीच्या ओट्यावर आणि पानठेल्यावर एक प्रश्न हमखास निघतो: गावाचा प्रमुख आपण निवडतो, तर देशाचा का नाही? हा प्रश्न रामटेक मतदारसंघात निघावा, हे स्वाभाविकच आहे. १९८४ आणि १९८९ अशा दोन निवडणुकांत येथील मतदारांनी पी. व्ही. नरसिंह राव यांना लोकसभेत पाठवले. मात्र जून १९९१ मध्ये ते पंतप्रधान झाले तेव्हा संसदेच्या कोणत्याही सभागृहाचे सदस्य नव्हते, आणि पुढे पोटनिवडणुकीत निवडून आले तेही आंध्रातील नंद्यालहून. १९९६ मध्ये एच. डी. देवेगौडा कर्नाटकाच्या मुख्यमंत्रिपदावरून थेट पंतप्रधान झाले. डॉ. मनमोहन सिंग दहा वर्षे पंतप्रधान होते, ते राज्यसभेचे सदस्य म्हणून. यात घटनाबाह्य काहीच नाही. अनुच्छेद ७५ नुसार पंतप्रधानांची नियुक्ती राष्ट्रपती करतात आणि मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. परंतु लोकसभेने मतदान करून पंतप्रधान निवडावा, अशी तरतूद घटनेत कोठेही नाही. कोणालाच बहुमत नसेल तेव्हा राष्ट्रपतींनी पाठिंब्याची पत्रे पाहून अंदाज बांधायचा आणि सभागृहाची परीक्षा नंतर व्हायची, असा हा उलटा क्रम आहे.

दोष आहे तो येथे. त्यावर थेट निवडणुकीचा उपाय सुचवणे म्हणजे मात्र आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होईल, असे माझे मत आहे.

थेट सरपंचाचा अनुभव आम्ही घेत आहोत, तो आधी सांगतो. महाराष्ट्रात ही पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली. सरकार बदलले की गावाचा कायदा बदलतो, याची आता कोणाला गंमतही वाटत नाही. या पद्धतीचा एक फायदा निर्विवाद आहे. पूर्वी निकाल लागला की काही सदस्य अचानक देवदर्शनाला निघत आणि सरपंचाच्या निवडीच्या दिवशी सकाळीच गाडीतून उतरत. तो प्रकार थांबला. परंतु शेजारच्या एका गावात सरपंच एका पॅनेलचा आणि बहुसंख्य सदस्य दुसऱ्या पॅनेलचे निवडून आले. शाळेमागच्या नालीचा विषय मासिक सभेत वाचला जातो, हात वर होतात आणि प्रोसिडिंगमध्ये ‘बहुमताने नामंजूर’ अशी नोंद होते. सरपंचाला काढायचे तर तीन-चतुर्थांश सदस्यांचा ठराव हवा आणि त्यानंतर ग्रामसभेचे शिक्कामोर्तब हवे. तेवढे बळ विरोधी पॅनेलकडे नाही. सरपंचालाही सदस्यांना घरी पाठवता येत नाही. दोघेही जनतेने निवडलेले, दोघेही खरे, आणि पावसाळ्यात नालीचे पाणी शाळेच्या व्हरांड्यात. नालीपुरते हे निभावून नेता येते. अर्थसंकल्प नामंजूर झाला तर देशाने काय करायचे?

हा प्रश्न काल्पनिक नाही, कारण एका देशाने हा प्रयोग करून पाहिला आहे. छोट्या पक्षांच्या घासाघिशीला कंटाळून इस्रायलने १९९२ मध्ये कायदा केला आणि १९९६ पासून मतदाराच्या हाती दोन मते दिली, एक पंतप्रधानासाठी आणि एक पक्षासाठी. अपेक्षा अशी होती की थेट निवडून आलेला पंतप्रधान छोट्या पक्षांना बधणार नाही. घडले ते नेमके उलट. पंतप्रधानपदाचे मत हाती स्वतंत्र असल्यामुळे दुसरे मत लोकांनी निर्धास्तपणे आपापल्या छोट्या पक्षाला दिले. १२० जणांच्या सभागृहात दोन मोठ्या पक्षांच्या मिळून १९९२ मध्ये ७६ जागा होत्या. १९९६ मध्ये त्या ६६ झाल्या आणि १९९९ मध्ये अवघ्या ४५ उरल्या. पंतप्रधान जनतेचा कौल घेऊन आला, पण सरकार चालवण्यासाठी त्याला पूर्वीपेक्षा अधिक पक्षांची मनधरणी करावी लागली. अखेर २००१ मध्ये त्यांच्या संसदेनेच हा कायदा रद्द केला.

मग संपूर्ण अध्यक्षीय पद्धतच का स्वीकारू नये, असे कोणी विचारील. विदर्भाला हा वाद नवा नाही. वर्ध्याचे खासदार राहिलेले वसंतराव साठे या पद्धतीचे जाहीर पुरस्कर्ते होते. त्यांच्याविषयी आदर ठेवूनही मला दोन शंका आहेत. पहिली व्यवहाराची आहे. निम्म्याहून अधिक मते मिळवणारा अध्यक्ष हवा असेल तर फ्रान्सप्रमाणे मतदानाची दुसरी फेरी ठेवावी लागेल. २०२४ मध्ये रामटेकने १९ एप्रिलला मतदान केले आणि निकाल ४ जूनला लागला, कारण देशभरातील मतदान सात टप्प्यांत झाले. दुसरी फेरी धरली तर धानाचे पऱ्हे टाकून रोवणी आली तरी आचारसंहिता उठायची नाही. दुसरी शंका अधिक गंभीर आहे. लोकसभेच्या ५४३ जागांपैकी विदर्भाच्या जागा दहा आहेत. सभागृहात बहुमत काठावर असते तेव्हा या दहा जणांना दिल्लीत विचारावे लागते. उलट साऱ्या देशाची मते एका राशीत मोजली जाऊ लागली, की उमेदवार सर्वांत मोठ्या राशीकडे, म्हणजे उत्तरेच्या मैदानाकडे वळणार. गडचिरोलीला तो कशासाठी येईल? प्रांतांना वजन मिळावे म्हणून अमेरिकेने निर्वाचक मंडळ ठेवले, तर तेथे २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना २८ लाखांहून अधिक मते जास्त मिळूनही त्या हरल्या. दोन्हीकडून पेच आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना हा पर्याय विचारपूर्वक बाजूला ठेवला होता. स्थैर्य आणि जबाबदारी ही दोन्ही सारख्या प्रमाणात मिळणे कठीण असते आणि मसुद्याने जबाबदारीला अधिक महत्त्व दिले आहे, असे त्यांनी स्पष्ट केले होते. सरकारला दर पाच वर्षांनीच नव्हे तर रोज सभागृहात जाब विचारला जावा, हा त्यामागचा हेतू होता. तो सोडून देण्याची गरज मला दिसत नाही.

सुधारणा मात्र हवी, आणि तिचा आराखडा तयार आहे. घटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या न्यायमूर्ती व्यंकटचलय्या आयोगाने २००२ च्या अहवालात सुचवले होते की निवडणुकीत कोणालाच स्पष्ट बहुमत मिळाले नाही तर लोकसभेने आपला नेता स्वतः मतदानाने निवडावा आणि त्यालाच राष्ट्रपतींनी पंतप्रधान नेमावे. तसेच अविश्वास ठराव आणणाऱ्यांनी पर्यायी नेत्याचे नाव त्याच ठरावासोबत मांडावे. जर्मनीत हा नियम घटनेतच आहे, आणि १९८२ मध्ये हेल्मुट श्मिट जाऊन हेल्मुट कोल आले ते याच मार्गाने, एकाच मतदानात. आपल्याकडे १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असे एका मताने पडले. पाडणारे २७० जण एकत्र आले, पण पर्यायी सरकार काही त्यांना बनवता आले नाही, आणि देशाला पुन्हा मतदान करावे लागले. पाडण्याआधी नाव द्या, एवढीच अट असती तर ते सरकार कदाचित पडलेही नसते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे खासदार पक्षादेशाने बांधलेले आहेत, तेव्हा नेत्याची निवड सभागृहात झाली तरी ती पक्षकार्यालयातच ठरणार. ते बव्हंशी खरे आहे. तरीही एका पक्षाला स्पष्ट बहुमत नसताना कोणत्या खासदाराने कोणाच्या नावाला हात वर केला हे सभागृहाच्या कामकाजात नोंदले जाईल आणि आम्हा मतदारांना ते वाचता येईल. राष्ट्रपती भवनात पोहोचणारी पाठिंब्याची पत्रे आम्हाला आजवर कधी वाचायला मिळालेली नाहीत.

आपला,
एक वाचक
ता. पारशिवनी, जि. नागपूर