मांजराची वाटी मोजून भरा

महोदय,

पुण्यातल्या फ्लॅटमधली मांजरं उपाशी नसतात, उलट खाऊन सुस्तावलेली असतात. घरातच राहणाऱ्या ४ किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २४० कॅलरी पुरतात; म्हणजे कोरडं खाद्य ५५ ते ६० ग्रॅम. तेही अंदाजाने नव्हे, वजनकाट्यावर मोजून, दोन-तीन वेळांत. ८५ ग्रॅमचं ओलं पाकीट दिलं, तर कोरडं २० ग्रॅमने कमी करावं. नसबंदीनंतर भूक वाढते, गरज मात्र घटते. तरी लठ्ठ मांजराला एकदम उपाशी ठेवू नये. यकृतात चरबी साठून जिवावर बेततं. आणि आपली ती दूध-पोळी! तिच्यात टॉरिन हे मांजराला आवश्यक पोषकद्रव्य पुरेसं नसतं, त्यामुळे डोळे आणि हृदय बिघडतं. दुधाने जुलाब होतात ते वेगळंच.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे